जिवंत बाईचा फोटो

वॉटसनविल, ८ मार्च १९९८

ओतिलिया,

तुझं पत्र मिळालं. चार पानं खरडलीस आणि चारही पानांत एकच रडगाणं, पोरगी कशी आहे, पोरगी कशी आहे. ठणठणीत आहे. जेवते, झोपते, शेंबूड आला की बाहीला पुसते. तू तुझ्या बापाला माती द्यायला गेलीस ना? मग त्याच्यासाठी रड. सित्लालीला बघायला मी आहे. जाताना तूच तिला माझ्या मांडीवर ठेवून गेलीस, मी काही ओढून घेतली नव्हती.

फोन का उचलत नाही म्हणून जाब विचारतेस. सासूला जाब! बरं, ऐक. तू सीमेपलीकडून, गावच्या दुकानातून फोन करायचीस, ती ‘मम्मा, मम्मा’ करायची, मग लाइन तुटायची आणि ती दिवसभर दाराशी बसून भोकाड पसरायची. तुझं काय जातंय? निस्तरायचं कोणी? मी फोनच काढून टाकला. सांगायचं असेल ते पत्रात लिही. आपल्या गावच्या चेमाकडे कागदपत्रं आहेत, त्याला सीमेवर कोणी अडवत नाही, तो पत्रं नेईल-आणील.

आता ती रडत नाही. हे नीट वाच आणि माझे उपकार मान. मम्मा कुठे, मम्मा कुठे करून तिनं जीव नकोसा केला होता, तेव्हा मी तिला कपाटावरचा माझ्या आईचा फोटो दाखवला आणि म्हटलं, तुझी मम्मा या पणजीकडे गेलीय. त्यात खोटं काय आहे? माझी आई तुमच्याच गावच्या मातीत झोपलीय. पोरगी फोटोकडे बघत बसली ती बसलीच. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

तिला बालवाडीत घातलंय, शेतात राबणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे ती. बाईचं नाव ग्रासिएला. टेक्सासात जन्मलेली, आपल्यातलीच, पण चालते अशी की जमीनच हिच्या बापाची. घरी येते आणि सरळ फरशीवर फतकल मारून बसते. परवा मानानं ‘दोन्या’ म्हणत मला शिकवत होती. “दोन्या एउलालिया, तिच्याशी आपल्या भाषेत बोला. खूप बोला. मक्याच्या पानांत तामाले बांधताना बोला, भांडी घासताना बोला. या वयात मूल जेवढं ऐकेल तेवढं त्याचं डोकं उघडतं. घरची भाषा पक्की झाली की इंग्रजी मागोमाग येतेच.” मी म्हटलं, “बाई, आपल्या भाषेत मी जन्मभर बोलले आणि जन्मभर वाकून स्ट्रॉबेरी तोडली. माझी नात वाकणार नाही.”

घरात आता फक्त इंग्रजी. दिवसभर टीव्ही चालू ठेवते. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी बोलतच नाही. घर कसं शांत असतं हल्ली.

एउलालिया


वॉटसनविल, ११ जून १९९८

ओतिलिया,

सीमा ओलांडताना पुन्हा पकडली गेलीस म्हणे. चेमानं सांगितलं, शिपायांनी गाडीत घालून परत पलीकडे सोडलं. तुला कधी एक काम धड करता आलंय? लग्नात मोलेचा मिरचीवाला रस्सा करायला सांगितलं होतं, तो जाळलास. अख्ख्या गावानं जळकं मोले खाल्लं आणि माझ्या तोंडाकडे बघून छान झालंय म्हणाले.

माझा फेर्मीन सफरचंदांच्या बागांत गेलाय, वर वॉशिंग्टनला. मजेत आहे. नवऱ्यानं पत्र लिहावं असं वाटत असेल तर बायकोनं जवळ राहावं लागतं. तिकडे त्याच्या जेवणाखाण्याची सोय झालीय, तू काळजी करू नकोस.

सित्लालीची तब्येत उत्तम. फक्त बोलत नाही. म्हणजे अजिबातच नाही, बालवाडीत नाही आणि घरीही नाही. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट दाखवते. चांगलंय की, बडबड कमी. पण ती ग्रासिएला हात धुऊन मागे लागलीय. कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक. मग माझ्यासमोर बसून विचारते, “आई असताना बोलायची का?” बोलायची, म्हटलं. “काय काय बोलायची?” मी म्हटलं, “पोपटासारखी. आईच बडबडी आहे.” “आता आई कुठे आहे?” मी म्हटलं, “गेली.” बाईनं छातीवर क्रूस काढला. लोक स्वतःच समजून घेतात, आपण कशाला लांबण लावायची?

घरच्या कोणाचा तरी आवाज, गाणी, गोष्टी कॅसेटवर भरून आणा, मुलं ओळखीच्या आवाजाला उत्तर देतात, असंही म्हणाली. तुझं ते केस धुतानाचं हात थापायचं गाणं होतं ना, तसलं काहीतरी. पाठवायची असेल तर पाठव. नाही पाठवलीस तरी अडणार नाही.

एउलालिया


वॉटसनविल, २० सप्टेंबर १९९८

ओतिलिया,

कॅसेट पोचली. एवढी पाच-सहा गाणी भरून पाठवायची काय गरज होती? टेपरेकॉर्डर बिघडलाय, त्यामुळे पोरीला ऐकवता आली नाही. फ्रिजवर ठेवलीय. दुरुस्त झाला की बघू.

आणि शेवटच्या गाण्यात तू मध्येच हसतेस ते तरी काढून टाकायचं होतंस. घरात माणूस मेलेलं आणि बाई खिदळतेय, कसं दिसतं ते?

तू विचारतेस ती मला विसरली का. चार वर्षांचीही नाही झाली अजून, काय लक्षात ठेवणार? तुझा जत्रेतला निळ्या ब्लाउजचा फोटो तिनं उशीखाली दडवलाय, मी बघूनही न बघितल्यासारखं करते. फाटला की आपोआप जाईल.

इंग्रजीही अजून बोलत नाही. टीव्ही एवढा बघते, पण टीव्ही उत्तराची वाट बघत नाही, असं ती ग्रासिएला म्हणते. एवढी अक्कल आहे तर तिनंच बोलतं करावं.

एउलालिया


वॉटसनविल, ४ नोव्हेंबर १९९८

ओतिलिया,

पोरगी बोलली! 

बालवाडीत मृतांच्या दिवसाची वेदी मांडली होती. खोक्यांवर खोकी, वर पांढरं कापड, मुलांनी कापलेले रंगीत कागद, मेणबत्त्या आणि दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, गेलेली माणसं चुकू नयेत म्हणून. प्रत्येक मुलानं घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा होता. मी पिशवीत माझ्या आईचा घातला. आम्ही सगळ्या बायका भिंतीकडेनं बसलो होतो. मुलं एकेक करून येत होती, हा माझा आजोबा, हा माझा काका, करत होती.

सित्लालीची पाळी आली. तिनं माझ्या आईचा फोटो ठेवला. मग स्वेटरच्या आत हात घातला आणि दुसरा फोटो काढला. तुझा. जत्रेतला. तो तिनं माझ्या आईच्या शेजारी ठेवला, जरा तिरका झाला तो सरळ केला आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, “ही माझी मम्मा. ती पणजीकडे गेली.”

आपल्या भाषेत म्हणाली. स्वच्छ. आणि थांबेचना! “तिला चिंचेची गोळी आवडते, तिखटवाली. तिचे केस इथपर्यंत आहेत. केस धुताना गाते. ती आज येणार. मी झोपले की येणार.” मग हात थापून ते गाणं म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी तू हसतेस तिथे हसलीसुद्धा.

आपल्याकडे जिवंत माणसाचा फोटो वेदीवर ठेवणं म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको. त्याला बोलावणंच की ते. मी उठले होते, ओतिलिया, ग्वादालुपेच्या माउलीची शपथ, फोटो उचलायला मी अर्धी उठले होते. पण ती बोलत होती ना! इतक्या महिन्यांनी माझी नात बोलत होती आणि मी मध्येच जाऊन काय सांगू, की बाळा, तुझी आई जिवंत आहे, फक्त तुझ्याकडे येत नाहीये? मी बसले.

सगळ्या बायका हुंदके देत होत्या. ग्रासिएलानं येऊन मला मिठी मारली. “दोन्या एउलालिया, एवढं दुःख तुम्ही एकटीनं गिळलंत!” मी रुमाल काढून डोळ्यांना लावला. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी जाऊन तुझ्या फोटोपुढे तिनं बशीत ठेवलेली चिंचेची गोळी मी उचलली. सित्लालीनं रिकामी बशी बघितली आणि टाळ्या पिटत वर्गभर नाचली. “मम्मा आली होती! खाऊन गेली!” पोरांसाठी माणूस काय काय करतो. आता तिचं तोंड बंद होत नाही. रंग सांगते, आकार सांगते, इंग्रजीतसुद्धा सांगते, ठोकळ्यांचं घर बांधून त्यात कोण कोण राहतं ते सांगते. ग्रासिएला म्हणते, हिची वाढ खुंटली नव्हती, हिचं मन अडलं होतं, ते मोकळं झालं.

तेव्हा आता तूच विचार कर. तू मेलीस म्हणून ती बोलायला लागली. उद्या तू दारात उभी राहिलीस तर तिच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागेल. आई असशील तर तिथेच राहा. तुझ्या आईला सोबत कर, शेळ्या पाळ, काहीही कर. सीमेकडे फिरकू नकोस. एवढी एकच गोष्ट आयुष्यात नीट कर.

एउलालिया


वॉटसनविल, ३ मार्च १९९९

ओतिलिया,

हे पत्र ग्रासिएलाच्या हाती पाठवतेय. तू इथेच, गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतलीस एवढंच कळलं, पत्ता मला कोणी देत नाही.

तू बालवाडीच्या फाटकाशी होतीस आणि मीही तिथेच होते. तरी सांगते, कारण तू रडत होतीस, तुला काही दिसलं नाही. तुझी हाडं वर आली होती, ओठ फुटले होते, नखांत माती होती. मलाही क्षणभर वाटलं की ही खरंच तिकडून उठून आलीय.

पोरगी ओरडली नाही. घाबरलीही नाही. तुला बघून आत गेली, पेल्यात पाणी घेऊन आली आणि खेळण्यातल्या बशीत चिमूटभर मीठ. दोन्ही तुझ्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि मागे सरली. हे मी शिकवलं होतं तिला. घरी आलेल्या मृताला आधी पाणी आणि मीठ द्यायचं, हात लावायचा नाही, त्याला खाऊ द्यायचं. सगळं बरोबर केलं तिनं. तू मात्र तो पेला लाथाडून तिच्यावर झेप घेतलीस आणि तिला छातीशी आवळलंस. ती लाकडासारखी उभी होती, हात मागे बांधून. मग तुझ्या कानाशी म्हणाली, “मम्मा, आज तुझा दिवस नाहीये. फुलं नाहीत. सकाळ झाली की जायचं हं.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? एवढी वाळवंटं तुडवून आलीस आणि पोरीनं तुला जायची वेळ सांगितली.

ग्रासिएला माझ्यावर केवढी कडाडली ते तू ऐकलंस. “माझ्यासमोर रुमाल काढलात तुम्ही! मी या मुलीच्या बोलण्याचं कौतुक करत होते आणि तुम्ही रुमाल काढलात!” कालची पोर, माझ्यावर आवाज चढवते. मी म्हटलं, “बोलती झाली की नाही? तुला तेच हवं होतं ना?”

आणि ती तुझ्याबरोबर मुकाट्यानं निघाली म्हणून हुरळून जाऊ नकोस. कपडे भरताना तिनं मला विचारलं, “आजी, पणजीकडे थंडी असते का? जाड स्वेटर घेऊ?” तिला वाटलं, तू तिला न्यायला आलीस. तिकडे. तरी निघाली. मी म्हटलं, घे.

आता ती बोलते का ते कळव. बोलत नसेल तर मला बोलाव. माझ्या नातीला कसं बोलतं करायचं ते मला माहीत आहे.

एउलालिया


वॉटसनविल, २ नोव्हेंबर १९९९

ओतिलिया,

मधली सगळी पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. हे कदाचित फोडशील, आजचा दिवस तसा आहे.

आज बालवाडीकडे गेले होते. आत येऊ देत नाहीत मला, म्हणून कुंपणाबाहेर उभी राहिले. या वर्षी वेदी अंगणात मांडलीय, माझं नशीब, मला सगळं दिसलं. झेंडू, पाव, कागद. मधल्या पायरीवर माझी आई, आणि तिच्या शेजारी मी. फेर्मीनच्या लग्नातला फोटो, मी तोंड वाकडं करून बसलेय तो. जळकं मोले खाल्ल्यावरचा. पुढे दालचिनीची कॉफी आणि एक स्ट्रॉबेरी.

ग्रासिएला कुंपणाशी आली. मी म्हटलं, “हे काय चालवलंय? मी काय मेलेय? काढ तो फोटो!”

ती म्हणाली, “तिनं स्वतः आणला, दोन्या एउलालिया. या वेळी मी लगेच तिच्या आईला फोन केला.”

“मग? काय म्हणाली ती भवानी?”

“सित्लालीनं विचारलं, आजी कुठे आहे. आईनं सांगितलं, आधी मी जिथे होते तिथे. एवढंच सांगितलं म्हणे.” बाई माझ्याकडे बघत नव्हती. “मी फोटो काढून ठेवू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, राहू दे.”

“आणि तू राहू दिलास? तू शिकलेली ना? मुलांची मनं ओळखतेस ना?”

“मी सित्लालीला सांगितलं, तुझी आजी जिवंत आहे. ती म्हणाली, मम्मापण होती.” मग तिला मुलांनी हाक मारली आणि ती गेली.

मी पोरीला हाक मारली. उंच झालीय. पुढचा दात पडलाय की काय, हसली तेव्हा फट दिसली. हो, मला बघून हसली ती! मला वाटलं धावत येईल. ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली, आणि खेळण्यातल्या बशीत मीठ. कुंपणाखालून दोन्ही माझ्याकडे सरकवलं आणि मागे सरली.

मी म्हटलं, “सोन्या, मी आहे गं. जिवंत आहे. हात लावून बघ, गरम आहे.” जाळीतून हात आत घातला, मनगटाला तार लागून रक्त आलं ते दाखवलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. चांगलं शिकवलं होतं मी.

“जेव, आजी,” म्हणाली. मग मला सगळं सांगत बसली, मी जेवते आहे तोवर. ती दोन्ही भाषांत वीसच्या पुढे मोजते. मम्मा आता केस धुताना दोन गाणी म्हणते. तिच्या मैत्रिणीला खरा ससा आहे. मोठमोठी वाक्यं, एकदाही अडखळली नाही. मी मीठ चाटलं, पाणी प्यायले, मग तिनं वेदीवरची कॉफी सरकवली तीही प्यायले, आणि ऐकत राहिले. इतकं कोणी माझ्याशी बोललं नव्हतं कित्येक दिवसांत. फेर्मीन येत नाही, त्याला तिकडे मुलगा झालाय, तुला कळलंच असेल. घरी मी तुझी ती कॅसेट लावून बसते. टेपरेकॉर्डर कधीच बिघडला नव्हता.

घंटा झाली तेव्हा ती उठली, फ्रॉक झटकला, आणि म्हणाली, “सकाळ झाली की जायचं हं.”

जाते म्हटलं.

शोभलीस माझी सून. मी तुला मूर्ख समजत होते, इतकी वर्षं. आता तिला काही सांगू नकोस, फोटो राहू दे, जिथे आहे तिथेच राहू दे. निदान त्या दिवशी ती माझ्याशी बोलते. पुढच्या वर्षी मी येईन. कॉफी अगदीच कडू होती, तिला साखर घालायला सांग.

एउलालिया